चहादाणी : आधी वापरावी, मग जमवावी

१९५६ सालच्या नोव्हेंबरात नागपूर हे मध्यप्रदेशाच्या राजधानीचे शहर राहिले नाही आणि सचिवालयातील अनेक अंमलदारांची भोपाळास रवानगी झाली, तेव्हा त्यांपैकी एका साहेबाने निघण्यापूर्वी आपल्या बंगल्यातील नको असलेले जिन्नस सिव्हिल लाइन्समधील अंगणात मांडून विकावयास काढले. आणि त्याच दफ्तरात कारकून असलेल्या माझ्या वडिलांनी त्यांतून तीन रुपयांस एक तपकिरी, गोल पोटाची, आखूड तोटीची चहादाणी घरी आणली. आईने ती उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारले, "अहो, हिच्यात चहा उकळायचा तरी कसा?" साहेबाच्या टेबलावर रोज पाहिलेले असल्यामुळे वडिलांनी मोठ्या अधिकाराने सांगितले, "उकळायचा नाही, मुरवायचा." ती चहादाणी आज नागपुरातच वर्धा रोडलगत, मिहान या उद्योगक्षेत्राच्या बाजूस असलेल्या आमच्या सदनिकेत आहे, आणि आजही सकाळचा पहिला चहा तिच्यातच मुरतो. या लेखात जे काही सांगणार आहे त्याचा बराचसा भाग मी तिच्याकडूनच शिकलो.

मराठीत आपण पाणी तापविण्याच्या भांड्यालाही किटली म्हणतो आणि चहा ओतण्याच्या भांड्यालाही किटलीच म्हणतो, त्यामुळे पुष्कळ घोटाळा होतो. पहिली चुलीवर चढते, दुसरी कधीही चढत नाही. म्हणून पानदाणी, गुलाबदाणी, अत्तरदाणी यांच्या पंक्तीला बसणारा चहादाणी हा शब्द मी येथे मुद्दाम वापरतो. मिहानमधील संगणक-कंपन्यांत, एम्सच्या रुग्णालयात, विमानदुरुस्तीच्या कारखान्यात काम करणारी, देशाच्या चारही दिशांकडून आलेली तरुण मंडळी आमच्या वसाहतीत राहतात. दिवसभर यंत्रातून कागदी पेल्यात पडणारा चहा पिऊन ती कंटाळलेली असतात, आणि घरी आल्यावर फडताळातील माझ्या चहादाण्या पाहून 'आम्हालाही असा संग्रह करायचा आहे, सुरुवात कोठून करावी?' असे विचारतात. त्यांना माझे उत्तर एकच असते : एक घ्यावी, ती निदान सहा महिने रोज वापरावी, आणि दुसरीचा विचार त्यानंतर करावा. ज्याने ओतण्याचा अनुभव घेतलेला नाही त्याला चहादाणीची पारख येत नाही; तो केवळ गुलाबाची चित्रे विकत घेतो.

पहिली चहादाणी घेताना इतवारीच्या भांडे ओळीत जा, सदर किंवा सीताबर्डीच्या दुकानात जा, अथवा खुर्जाच्या मालाच्या प्रदर्शनात जा. परंतु सोबत पाण्याची बाटली न्यावी आणि दुकानदाराची परवानगी घेऊन चहादाणीत पाणी भरून ओतून पाहावे. ही विनंती करण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. माठ घेताना तो बोटाने वाजवून पाहिल्याशिवाय आपल्या आजीने कधी पैसे मोजले होते काय? चहादाणीही तशीच वाजवावी. झाकण काढून तिला तळहातावर तोलून धरावे आणि नखाने हलकेच टिचकी मारावी : निर्दोष भांडे स्वच्छ नाद देते, केसाएवढी चीर असलेले भांडे बद्द वाजते. त्यानंतर तोटी पाहावी. तोटीचे टोक चहादाणीच्या तोंडाच्या काठाइतके उंच असावे, खाली असल्यास चहादाणी पूर्ण भरण्याआधीच चहा तोटीतून वाहू लागतो. टोकाची कड पातळ व रेखीव असावी. आणि जेथे तोटी पोटाला जोडलेली असते तेथे एकच मोठे भोक न ठेवता पुष्कळ बारीक छिद्रे असावीत, म्हणजे पत्ती आतच अडते. झाकणाला वायूसाठी एक छिद्र हवे, अन्यथा धार अडखळत पडते. आणि चहादाणी बरीच वाकवली तरी झाकण निसटू नये म्हणून त्याला आतून एक जीभ किंवा खोल कंगोरा हवा. कानात बोटे शिरल्यावर ती पोटाला टेकता कामा नयेत, कारण पोट तापलेले असणार आहे. या साऱ्या गोष्टी पाच मिनिटांत तपासता येतात, आणि तरीही बहुसंख्य लोक त्यांतील एकही न तपासता रंगावर भाळून चहादाणी घरी नेतात.

तोटीखालून ओघळणारा थेंब हा चहादाणीचा सर्वांत जुना दोष. द्रवाची धार हळू ओतली असता ती कडेपासून सुटून खाली पडण्याऐवजी कड वळून तोटीच्या पोटाला चिकटते, आणि याचे कारण शोधण्यात १९५०च्या दशकात जोसेफ केलर यांच्यासारख्या गणितज्ञानेही आपली बुद्धी खर्च केली : कडेवरून वळताना द्रवातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, आणि हवाच त्या धारेला तोटीकडे दाबून धरते. घरगुती उपाय मात्र सोपा आहे. एक तर निःशंकपणे, वेगाने ओतावे आणि थांबताना झटकन सरळ करावे. आणि तरीही ओघळ आलाच, तर तोटीच्या टोकाखाली बोटाने तुपाचा अगदी पुसटसा हात फिरवावा. स्निग्ध पृष्ठाला पाणी चिकटत नाही.

कोणत्या पदार्थाची घ्यावी हा प्रश्न अभिरुचीचा आहे तितकाच घराच्या आचाराचाही आहे, आणि ही गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाहीत. 'बोन चायना' या नावातील 'बोन' शब्दशः खरा आहे : अठराव्या शतकाच्या अखेरीस स्टॅफर्डशायरमध्ये जोसाया स्पोड याने जी कृती पक्की केली, तिच्यात जनावरांच्या हाडांची राख जवळजवळ निम्मी असते, आणि तिच्यामुळेच ते भांडे इतके शुभ्र, इतके पातळ व तरीही इतके बळकट होते, की उजेडासमोर धरले असता पलीकडच्या बोटांची सावली दिसते. ज्या घरात या गोष्टीचे वावडे असेल त्यांनी साधी चिनी माती, दगडी भाजणीची माती किंवा तपकिरी झिलईची लाल माती पत्करावी. माझा स्वतःचा कौल या शेवटच्या प्रकाराला आहे. इंग्लंडात तिला 'ब्राऊन बेटी' म्हणतात; सतराव्या शतकाच्या अखेरीस एलर्स नावाच्या दोन बंधूंनी चीनमधील यिशिंगच्या लाल चहादाण्यांच्या धर्तीवर स्टॅफर्डशायरच्या लाल मातीची भांडी केली, आणि त्या परंपरेतून पुढे ही गोलपोटी, गरिबांच्या घरातील चहादाणी निघाली. तिचे गोल पोट पत्तीला फिरावयास जागा देते, जाड माती ऊब धरून ठेवते, आणि चहाचे डाग तिच्या रंगात लपतात. वडिलांनी तीन रुपयांस आणलेली तीच.

आकारमानाविषयी इतकेच सांगतो, की आपला नेहमीचा कप सुमारे १५० मिलिलिटरचा असतो. तेव्हा दोघांच्या घरास ४५० ते ५०० मिलिलिटरची आणि चौघांच्या घरास ७०० ते ८०० मिलिलिटरची चहादाणी पुरे होते. पाहुण्यांच्या हिशेबाने मोठी घेऊ नये. अर्धी भरलेली मोठी चहादाणी लवकर निवते.

आता चहा. येथे मिहानच्या रहिवाशांना पाण्याविषयी सावध करणे अवश्य आहे. नागपुरास पेंचचे व कन्हानचे पाणी नळाने मिळते. परंतु आमच्या भागातील कित्येक इमारतींत बोअरचे पाणी मिसळलेले असते, आणि ते जड असते. जड पाण्यातील कॅल्शियममुळे चहाच्या पृष्ठावर एक चकचकीत, तुटक साय धरते, चहाचा रंग मळकट होतो आणि पाणी तापविण्याच्या किटलीत पांढरे खवले बसतात. तुमच्या कपात अशी साय दिसत असेल तर दोष पत्तीचा नव्हे. पिण्याचे गाळलेले पाणी वापरून पाहावे. पाणी ताजे असावे आणि त्याला खळखळून आधण आलेले असावे. चहादाणी आधी गरम पाण्याने विसळून ऊबदार करावी. हा केवळ उपचार नाही, कारण डिसेंबरच्या पहाटे, जेव्हा नागपुरात पारा दहा अंशांच्या खाली जातो, तेव्हा थंडगार फडताळातून काढलेल्या चिनी मातीत एकदम आधण ओतले तर तिला तडा जाऊ शकतो. मग प्रत्येक कपामागे एक सपाट चमचा पत्ती घालून, आधणाच्या किटलीजवळ चहादाणी न्यावी. उलट करू नये. चालत येईपर्यंत पाणी निवते. १९४६ साली 'इव्हनिंग स्टँडर्ड' या पत्रात चांगल्या चहाचे अकरा नियम लिहून काढणाऱ्या जॉर्ज ऑर्वेल याने हाही एक नियम सांगितला होता, आणि चहादाणी चिनी मातीची किंवा मातीची असावी, चांदीची नसावी, असेही त्याने बजावले होते. या दोन्ही बाबतींत माझा अनुभव त्याच्या बाजूने आहे.

दार्जिलिंगची पाने तीन मिनिटांत मुरतात, आसामच्या अखंड पानांस चार ते पाच मिनिटे लागतात. आणि आपल्या घरोघरी येणारी दाणेदार सीटीसी पत्ती दोन-तीन मिनिटांतच इतका कडक अर्क देते, की तिला त्याहून अधिक वेळ ठेवणे म्हणजे तुरटपणाला आमंत्रण देणे होय. चहाची तुलना करणाऱ्या परीक्षकांसाठी ठरविलेल्या आंतरराष्ट्रीय मानकात १०० मिलिलिटर पाण्यास २ ग्रॅम पत्ती आणि ६ मिनिटे असे प्रमाण आहे; परंतु ते चहातील गुणदोष उघडे पाडण्यासाठी आहे, प्रसन्नपणे पिण्यासाठी नव्हे. दूध निराळ्या भांड्यात, गरम, साय काढून द्यावे. आले व वेलची घालून उकळलेल्या आपल्या चहाशी या चहाची स्पर्धा नाही. तो पातेल्याचा चहा आहे आणि पातेल्यातच उत्तम होतो. पातेल्यात उकळलेला दुधाचा चहा केवळ शोभेसाठी चहादाणीत भरणे हे मात्र टाळावे, कारण दुधाचा अंश तोटीत अडकून राहतो आणि तिला जो आंबूस वास लागतो तो सहजासहजी जात नाही.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. मिहानवरून जाणारा हाच वर्धा रोड पुढे सेवाग्रामकडे जातो, जेथे १९३६पासून महात्माजींचे वास्तव्य होते. चहाविषयी त्यांचे मत प्रतिकूल होते हे सर्वश्रुत आहे. परंतु १९४२ साली आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना आरोग्यावर लिहिलेल्या आपल्या छोट्या पुस्तकात त्यांनी उकळलेला चहा आणि गाळणीतील पत्तीवर आधण ओतून केलेला फिका चहा यांत स्पष्ट भेद केला आहे, आणि त्यांचा खरा आक्षेप पहिल्यातील टॅनिनवर आहे. चहाच्या इतक्या कठोर टीकाकारालाही मुरविण्याची व उकळण्याची कृती एक नव्हे हे ठाऊक होते, याचे मला नेहमी कौतुक वाटते.

वापर झाल्यावर चहादाणी लगेच रिकामी करून गरम पाण्याने विसळावी आणि झाकण उपडे ठेवून वाळू द्यावी. पावसाळ्यात झाकण लावून ठेवलेल्या चहादाणीत आठ दिवसांत बुरशी येते. उन्हाळ्यात कूलरच्या दमट हवेतही हाच अनुभव येतो. आत चहाचा राप बसला तर दोन चमचे खाण्याचा सोडा आणि गरम पाणी घालून रात्रभर ठेवावे. तारेची घासणी आत घालू नये, सोनेरी रेघ असलेले भांडे मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नये, आणि ज्याच्या झिलईवर जाळ्यासारख्या बारीक भेगा पडल्या आहेत ते भांडे केवळ पाहण्यासाठी ठेवावे, कारण चहा त्या भेगांतून मातीत शिरतो. शिवाय जुन्या झिलईत शिसे असण्याचा संभव असतो.

सहा महिने लोटले, हात बसला, आणि तरीही दुसरी घ्यावीशी वाटली, तर संग्रहाचा विचार करण्यास हरकत नाही. संग्रहाला एक सूत्र असावे. कोणी एका कारखान्याची भांडी जमवितो, कोणी एका काळाची, कोणी निळ्या छापील 'विलो' नक्षीची. पाहण्याची हौस भागवावयाची तर इंग्लंडात नॉर्विच येथील किल्ल्यातील संग्रहालयात ब्रिटिश चहादाण्यांचे अवाढव्य भांडार आहे. परंतु आपल्याकडील संग्राहकाने आपल्याकडील सूत्र धरावे असा माझा आग्रह आहे. इंग्रजी घाट पण हिंदी हात, अशी भांडी पुष्कळ झाली. कच्छमधील भुजच्या उमरशी मावजी या कारागिराने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चांदीवर वेलबुट्टीचे दाट ठोकीव काम केलेले चहाचे संच घडविले, आणि 'ओ. एम.' व 'भुज' अशी इंग्रजी अक्षरे त्याच्या ठशात असतात. कलकत्त्याच्या हॅमिल्टन आणि मद्रासच्या ऑर या पेढ्यांची चांदीही प्रसिद्ध आहे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत जॉर्ज टेरी याच्या देखरेखीखाली १८७०च्या दशकात झिलईची भांडी होऊ लागली, त्यांवर अजिंठ्याच्या चित्रांतील आकृती उतरल्या. राणीच्या बागेशेजारील भाऊ दाजी लाड संग्रहालयात ती पाहावयास मिळतात, आणि पहिल्या खरेदीपूर्वी ती एकदा पाहून यावीत. आणि ज्याला नागपूरचाच धागा हवा असेल, त्याने जी. आय. पी. व बी. एन. या दोन रेल्वे कंपन्यांच्या अक्षरांची भांडी शोधावीत. पहिलीची गाडी १८६७ साली नागपुरास आली. मात्र येथे डोळे उघडे ठेवावेत. साध्या जुन्या भांड्यावर रेल्वेची अक्षरे नव्याने कोरून चौपट किंमत सांगण्याचा उद्योग चालतो. अस्सल अक्षरे घासून बोथट झालेली असतात; नव्या अक्षरांची कड नखाला लागते.

बुडाखालील ठसा हा भांड्याचा दस्तऐवज होय, आणि तो वाचता आला पाहिजे. केवळ 'इंग्लंड' एवढेच छापलेले असेल तर ते भांडे बहुधा १८९१च्या सुमारापासून पुढचे, कारण अमेरिकेच्या जकात कायद्याने मालावर देशाचे नाव घालणे तेव्हा सक्तीचे झाले. 'मेड इन इंग्लंड' असेल तर विसाव्या शतकातले. चौकटीच्या आकाराचा, अक्षरांनी भरलेला नोंदणीचा ठसा १८४२ ते १८८३ या काळातला. त्यानंतर साधा नोंदणी-क्रमांक येतो. 'बोन चायना' हे शब्द दिसले की माल विसाव्या शतकातला समजावा, मग विक्रेता त्याला व्हिक्टोरिया राणीच्या काळचा म्हणो. चांदीवर चालता सिंह असेल तर ती १००० भागांत ९२५ भाग शुद्ध. त्याशेजारी नांगर असेल तर बर्मिंगहॅमची, बिबट्याचे मुख असेल तर लंडनची. आणि 'ई. पी. एन. एस.' ही अक्षरे असतील तर ती चांदी नव्हेच. ती जर्मन सिल्व्हरवर विजेने चढविलेली चांदीची पातळ कळा आहे. तिला रांगोळीने किंवा चिंचेने घासू नये. आपल्या हौशी हातांनी आपण ती कळा उतरवून टाकतो आणि खालचा पिवळसर धातू उघडा पडतो. मऊ सुती फडके पुरेसे आहे.

मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात खरेदी करताना सकाळी लवकर, सूर्यप्रकाशात जावे. मी एकदा संध्याकाळच्या दिव्यात, एका विक्रेत्याच्या गोड बोलण्यावर विसंबून, निळ्या नक्षीची एक देखणी चहादाणी घेतली. घरी आणून गरम पाणी ओतले मात्र, तिचा कान माझ्या हातात राहिला आणि चहादाणी ओट्यावर पडून फुटली, कारण कान पूर्वीच तुटलेला होता आणि सरसाने जोडून वर रंग दिलेला होता. तेव्हापासून मी कानाच्या दोन्ही मुळांवरून आणि तोटीच्या टोकावरून डोळे मिटून बोट फिरवितो. रंग डोळ्याला फसवितो, बोटाला फसवीत नाही.

दोन कायदे ध्यानात असू द्यावेत. जुन्या चांदीच्या चहादाणीच्या कानात उष्णता अडविण्यासाठी दोन पांढऱ्या चकत्या घातलेल्या असतात आणि त्या पुष्कळदा हस्तिदंती असतात. हस्तिदंताची खरेदी-विक्री आपल्याकडे निषिद्ध आहे, म्हणून अशा वस्तूच्या वाटेस जाऊ नये. दुसरे असे, की १९७२च्या पुरावशेष कायद्यान्वये शंभर वर्षे वा अधिक जुनी ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू परवानगीवाचून देशाबाहेर नेता येत नाही. मुलगा किंवा मुलगी परदेशी असेल आणि आजीची चहादाणी तिकडे पाठवावयाची असेल, तर आधी नागपुरातील पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कचेरीत खातरजमा करून घ्यावी.

बदलीच्या नोकरीतील मंडळींसाठी बांधणीची रीत सांगतो. नागपूरच्या सोनेगाव विमानतळाचा प्रवासी मालाशी जुना ऋणानुबंध आहे. १९४९पासून अनेक वर्षे दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली टपालाची विमाने मध्यरात्री येथे एकत्र येत आणि थैल्या बदलून परत फिरत. चहादाणीचा प्रवास मात्र सावकाशीने झाला पाहिजे. झाकण निराळे गुंडाळावे. पोटात कागदाचे बोळे सैल भरावेत. तोटी आणि कान यांना आधी जुन्या धोतराच्या चिंध्यांनी लपेटून मग सबंध भांड्यावर आवरण घालावे. आणि ती पेटीत आडवी न ठेवता बुडावर, चहूकडून चार बोटे जागा सोडून बसवावी.

संग्रहाची एक नोंदवही असावी. तीत तारीख, किंमत, कोणाकडून घेतली, उंची, मावणारे पाणी, ठशाची नक्कल आणि प्रत्येक टवका व चीर यांचा तपशील लिहावा. आणि एक रकाना झाकणासाठी राखावा, ज्यात तोंडाचा आतील व्यास मिलिमीटरमध्ये नोंदलेला असेल. चहादाणीचे झाकण सर्वांत आधी फुटते, आणि जुन्या बाजारात पोरकी झाकणे टोपलीने पडलेली असतात. माप जवळ असेल तरच त्यांचा उपयोग. वडिलांच्या तपकिरी चहादाणीचे मूळ झाकण आमच्या घरी १९७१ साली फुटले आणि आई असेतो त्यावर पितळेची वाटी उपडी घातलेली असे. तिच्या तोंडाचे माप, ७४ मिलिमीटर, मी पाकिटात चिठ्ठीवर घेऊन हिंडत असे. सव्वीस वर्षांनी पुण्याच्या जुन्या बाजारात एका टोपलीत ७३चे एक झाकण मिळाले, रंगाने किंचित अधिक गडद. ते थोडेसे हलते, म्हणून ओतताना त्यावर डाव्या हाताचे बोट ठेवावे लागते.